न पडलेला खाडा

धाकटीने वही माझ्यासमोर ठेवली तेव्हा मी परीक्षानळ्या धूत होते. वही ओळखायला मला ती उघडावी लागली नाही. निळा कापडी पुठ्ठा, आणि एका कोपऱ्यावर आम्लाच्या थेंबाने खाल्लेली जागा. तो थेंब माझ्याच हातून पडला होता.

"मावशी, मी ताईचाच विषय घेतेय," ती म्हणाली. "सर हो म्हणाले."

"बरं केलंस," मी म्हटलं आणि नळ उगाचच मोठा सोडला.

मी शाळेच्या रसायनशाळेत मदतनीस आहे. एकवीस वर्षं झाली. मुलं मावशी म्हणतात, त्यांचं ऐकून सरही मावशी म्हणतात. वरच्या वर्गातल्या मुलांसाठी दरवर्षी एक संशोधन स्पर्धा असते. नव्वद दिवस स्वतःच्या हाताने प्रयोग करायचा, रोजची नोंद शाईने करायची, प्रत्येक नोंदीपुढे ती घेणाऱ्याने सही करायची. निवड झाली की पुढच्या सगळ्या शिक्षणाची शिष्यवृत्ती मिळते. आमच्या शाळेतून आजवर एकदाच कुणी तिथवर पोचणार होतं. ती या धाकटीची बहीण, मोठी.

मोठीला सर घड्याळ म्हणायचे. साडेचारची घंटा होऊन पाच मिनिटांत ती रसायनशाळेच्या दारात हजर असायची, न बोलता. धाकटी अगदी उलटी. एका जागी दोन मिनिटं टिकायची नाही, म्हणून ती खारूताई. "खारूताई, ही प्रयोगशाळा आहे, झाड नव्हे, खाली उतर," असं सर तिला दिवसातून दोनदा तरी म्हणत.

मोठीचा विषय होता मातीचा श्वास. मलाही आधी हसू आलं होतं. पण तिने मला समजावलं. मातीत जिवाणू असतात, मुळं असतात, ती श्वास सोडतात. इमारतीमागच्या जमिनीवर तिने काचेच्या चार बरण्या पालथ्या घातल्या होत्या, दोन सावलीत, दोन उन्हात. प्रत्येक बरणीखाली एका छोट्या तिवईवर बशी, बशीत कॉस्टिक सोड्याचं पाणी. मातीने सोडलेला वायू ते पाणी पिऊन टाकतं. चोवीस तासांनी बशी आत आणायची, दर्शकाचे दोन थेंब टाकायचे, पाणी गुलाबी होतं. मग ब्युरेटमधून आम्ल थेंबाथेंबाने सोडायचं, गुलाबी रंग जाईपर्यंत. आम्ल जितकं कमी लागेल तितका मातीचा श्वास मोठा. रंग जाण्याचा क्षण एका थेंबाचा असतो. मोठीला तो कधी चुकला नाही.

एक्क्याऐंशी दिवस झाले होते. त्या दिवशी तिचे डोळे लाल होते, अंग तापलेलं होतं. नोंद करून निघाली आणि फाटकापाशी वळून म्हणाली, "मावशी, उद्या मला जमलं नाही तर तुम्ही घ्याल? खाडा पडू देऊ नका. नऊच दिवस उरलेत."

"पडू देणार नाही," मी म्हटलं. "तू अंथरुणात पड आधी."

मी तसा शब्द सहज देत नाही. माझं सगळं आयुष्य नेमाचं आहे. घेतलेला नेम मोडायचा नाही, ताप असो, घरात काही होवो. घरात कुणी आजारी पडलं तर त्याचा नेम दुसऱ्याने त्याच्या नावाने चालवायचा, हे मी आईकडून शिकले. करणारे हात कुणाचेही असोत, नेम ज्याचा त्याचाच.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. मी चारही बशा आणल्या, तिने दाखवलं होतं तसंच केलं, आकडे लिहिले. सहीच्या रकान्याशी आले आणि थांबले. नेम तिचा. मी तिचीच सही केली, दोन अक्षरांची, खाली टिंब असलेली. आकडेही तिच्यासारखेच काढले, सात थोडा मागे कललेला. खोटं करतेय असं मनातही आलं नाही. उलट बरं वाटलं.

असे चार दिवस गेले. पाचव्या दिवशी सकाळी सर दारात उभे राहिले आणि म्हणाले, "मावशी, आपलं घड्याळ गेलं हो. काल रात्री."

सगळ्यांना वाटलं मी त्या दिवशी लवकर घरी जाईन. मी साडेचारला मागच्या अंगणात गेले आणि चार बशा घेऊन आले. अजून पाच दिवस बाकी होते. मी शब्द दिला होता. आता तर त्यातून मला मोकळं करणारंही कुणी नव्हतं. पाच दिवस मी तिच्या जागी बसले आणि नव्वदावी ओळ लिहून तिची सही केली. मग वही तिच्या कप्प्यातल्या बाकी वस्तूंबरोबर बांधून तिच्या आईकडे पाठवून दिली. सर त्या वर्षी परीक्षांच्या गडबडीत होते. वहीची चौकशी कुणी केली नाही.

महिन्याने तिची आई शाळेत आली. ती घरी कपडे शिवते, बोटांना सुईच्या खुणा. रसायनशाळेत येऊन तिने वही टेबलावर उघडली आणि शेवटच्या पाच ओळींवरून बोट फिरवलं.

"मावशी, तारखा बघा," ती अगदी हळू म्हणाली. "ती गेली त्याच्या नंतरच्या आहेत. अक्षर तिचं. सही तिची." मग माझ्याकडे बघून ती हसली. महिन्याभरात ती पहिल्यांदा हसली असावी. "पाच दिवस इथे येत होती माझी पोर. काम अर्धं टाकणारी नव्हतीच ती. तुम्हाला कधी जाणवलं का हो?"

तोंड उघडायची ती वेळ होती. मी एवढंच म्हटलं, "बसा ना. चहा करते."

त्यानंतर ती दर महिन्याला, मोठी गेली त्या तारखेला यायला लागली. मोठीच्या स्टुलावर बसायची. खिडकीतून मागच्या अंगणातल्या बरण्यांकडे बघायची. त्या कुणी उचलल्याच नव्हत्या. उन्हं कलली की काचेला आतून घाम सुटतो, थेंब धरतात. ती बघत राहायची आणि म्हणायची, "श्वास घेतंय कुणीतरी." मी चहा पुढे करायचे. एकदा ती गेल्यावर मी स्टूल जागेवर लावायला गेले, तर मला ते उचलवेना. हात लावला आणि तसाच मागे घेतला.

आणखी एक झालं, ते मी कुणाला सांगितलं नाही. रोज आंघोळीनंतर मी देवाचं नाव एक पान भरून लिहिते. लग्नाआधीपासूनचा नेम. माझं अक्षर मोठं, गोल, शिरोरेघ एका दमात ओढलेली. त्या नऊ दिवसांनंतर पान लिहून बघते तर अक्षरं बारीक, मागे कललेली, शिरोरेघ अक्षरागणिक तुटक. तिची. मी पान फाडलं नाही, देवाचं नाव कसं फाडणार? दुसऱ्या दिवशी एकेक अक्षर गिरवून लिहिलं. पहिल्या चार ओळी माझ्या आल्या. पुढे मन नावात गुंतलं आणि खालचं अर्धं पान पुन्हा तिचं. वर्षभर असंच. देवासमोर बसायचे आणि पानावर मला ती दिसायची. तोंडाने काही बोलायची नाही, नुसती वाट बघत असल्यासारखी.

धाकटीने विषय घेतला तो या सगळ्याच्या वर्षानंतर. तिला कारणही होतं. "ताईच्या आकड्यांमध्ये शेवटचे पाच दिवस मातीचा श्वास एकदम वाढलाय," ती सरांना सांगत होती. "का वाढला ते कुणीच शोधलं नाही. मी शोधणार."

सर चष्मा पुसत म्हणाले, "शोध. पण नव्वद दिवस एका जागी बसशील?"

"बसेन. नाहीतर तुम्ही मला बरणीखाली घाला."

ती बसली. मला वाटलं नव्हतं, पण बसली. साडेचारला आली नाही असं झालं नाही. मी दूर राहायचे. तिने ब्युरेट मागितलं की धुऊन द्यायचे आणि मागच्या खोलीत जायचे. तिथून तिची पाठ दिसायची, वाकलेली, वेणी खांद्यावरून पुढे घेतलेली. मोठीही अशीच घ्यायची. कधी कधी संध्याकाळच्या उजेडात मला कुठली कोण ते कळायचं नाही आणि मी डोळे मिटून घ्यायचे.

तिच्या नव्वद दिवसांत श्वास तसा वाढलाच नाही. तिने मातीला पाणी घातलं, पालापाचोळा घातला, ऊन-सावली बदलून पाहिली. पाण्याने वाढायचा, पण सावलीत वेगळा, उन्हात वेगळा. ताईच्या त्या पाच दिवसांसारखा नाही. अहवाल शुक्रवारी पाच वाजेपर्यंत पाठवायचा होता. सोमवारी ती सरांसमोर दोन वह्या उघडून बसली. तिची आईही आली होती. त्या महिन्याची तारीख नेमकी तीच होती.

"सर, हे बघा," धाकटी म्हणाली. "ताईच्या चारही बरण्या त्या पाच दिवसांत सारख्याच वाढल्यात. अगदी सारख्या. सावलीतली माती आणि उन्हातली माती एकाच मापाने कशी वाढेल? ही माती नाहीये. हे बाहेर झालेलंच नाही. चारही बशा जिथे एकत्र येतात तिथे झालंय." तिने टेबलावर बोट ठेवलं. "इथे."

"इथे काय झालं असेल?"

"बशा उघड्या असताना त्यांच्यावर कुणीतरी श्वास सोडला असेल तर होईल. खूप वेळ. ताई तर बशीवर लगेच काच झाकायची, तोंड वळवायची."

स्टुलावरून तिची आई म्हणाली, "इथे ती होती म्हणूनच. मी तेच सांगतेय वर्षभर."

"आई, गेलेलं माणूस श्वास घेत नाही."

"मग या टेबलाशी श्वास कोण घेत होतं?"

मी हातातला ट्रे खाली ठेवला.

आई बाहेर नळावर तोंड धुऊन तशीच घरी गेली तेव्हा सर आवाज उतरवून म्हणाले, "खारूताई, एक सांगतो, रागावू नकोस. मला वाटतं, तुझ्या ताईने ते आकडे आजारी पडायच्या आधीच भरून ठेवले असतील. नव्वद पुरे व्हावेत म्हणून. मी ते तेव्हाच पाहिलं असतं तर... असो. गेलेल्या मुलीला काय बोलायचं. पण हा अहवाल घोषणापत्राबरोबर जातो. कुठली नोंद कुणी घेतली ते त्यात लिहायचं, खाली पालकांची सही. खोटं निघालं तर तुझाही स्पर्धेतला प्रवेश रद्द. कायमचा. तू ताईची वही सोडूनच दे."

"ताई खोटं लिहिणार नाही."

"मग तारखांचं काय करायचं?"

"मला माहीत नाही." धाकटीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "पण ताईने खोटं लिहिलं म्हणून वही टाकून द्यायची असेल, तर मी अहवाल पाठवतच नाही."

वह्या उचलून ती निघालीच होती. इतके दिवस मला वाटत होतं, मी गप्प आहे ते एका आईसाठी. पण माझ्या गप्प राहण्याने ती पोर खोटी ठरली होती, जिला कधी एका थेंबाची लबाडी जमली नाही. आणि आता तिच्यापाठोपाठ ही दुसरीही चालली होती.

"थांब," मी म्हटलं. "ते आकडे मी लिहिलेत."

सांगून टाकलं. फाटकापाशी दिलेला शब्द, नऊ दिवस, सही. सर खुर्चीत मागे टेकले. "मावशी," एवढंच म्हणाले. मग चष्मा काढत, "अहो, रिकामी जागा सोडायची. खाली लिहायचं, विद्यार्थिनी आजारी, नोंद नाही. बस. खाडा पडला तर पडू द्यायचा असतो आमच्यात. दुसऱ्याची सही नाही चालत."

"आमच्यात खाडा चालत नाही," मी म्हटलं. मला दुसरं काही सुचलं नाही.

धाकटी माझ्याकडे बघत होती. तिचा चेहरा असा झाला होता की मला वाटलं, आता ही हातातलं काहीतरी फेकणार. "वर्षभर आईला स्टुलावर बसवलंत तुम्ही," ती म्हणाली. "चहा देत होतात. चहा!"

"हो."

"आता आईला मी हे कसं सांगू?"

मी मान खाली घातली. तेवढ्यात तिचाच आवाज बदलला. राग होता, पण मध्येच काहीतरी खटकून थांबल्यासारखी झाली. "पहिले चार दिवस आकडे नेहमीसारखे आहेत. शेवटच्या पाच दिवसांत तुम्ही काय वेगळं केलंत?"

"काही नाही. तसंच."

"नीट आठवा, मावशी. बशा आणल्या. मग?"

मला आठवावं लागलं नाही. "ती गेल्याचं कळल्यावर... बशा समोर मांडायचे आणि आधी तिच्यासाठी देवाचं नाव घ्यायचे. त्याशिवाय हात पुढे होत नव्हता."

"किती वेळ?"

"अर्धा तास. जास्तही असेल."

"काच झाकून?"

"काच? ती धुळीसाठी असते ना? मी समोर बसलेलीच होते, धूळ कुठून पडणार?"

सर काही बोलणार होते, तिने हाताने त्यांना थांबवलं. पुढचे तीन दिवस तिने मला साडेचारला त्या स्टुलावर बसवलं. चार बशा झाकलेल्या, चार उघड्या माझ्यासमोर. "घ्या नाव," ती म्हणायची, घड्याळ लावायची आणि तोंड फिरवून उभी राहायची. माझ्याशी दुसरं अक्षर बोलत नव्हती. मी ओठांशी पुटपुटत राहायचे. दुसऱ्या दिवशी डोळे मिटले तर शेजारी कुणीतरी वाकून बघतंय असं वाटलं, मोठीच्या अंगाला यायचा तो साबणाचा वास आला, आणि मी डोळे उघडले नाहीत. नाव चालू ठेवलं. तिसऱ्या दिवशी धाकटीने आम्ल सोडलं, गुलाबी रंग गेला, तिने आकडा वाचला, झाकलेल्या आणि उघड्या बशांमधला फरक जुन्या वहीतल्या वाढीशी ताडून पाहिला.

"तेवढाच आहे," ती म्हणाली. "थोडा इकडे तिकडे. सर, तेवढाच आहे." आणि टेबलावर डोकं ठेवून रडायला लागली.

गुरुवारी संध्याकाळी अहवाल तयार होता. त्यात तिने सगळं लिहिलं होतं. ब्याऐंशी ते नव्वद या नोंदी प्रयोगशाळेतल्या मदतनीसाने घेतल्या, सही विद्यार्थिनीची नाही, शेवटच्या पाच नोंदींमधली वाढ मातीची नसून निरीक्षकाच्या श्वासाची. त्या नऊ ओळींपुढे मी माझी सही केली होती. सर मला आधीच सांगून ठेवत होते. "शाळेला कळवावं लागेल मावशी, बोलणी खावी लागतील."

"खाईन."

उरली होती पालकांची सही. घरी सांगायची धाकटीची हिंमत झाली नव्हती. शुक्रवारी चार वाजता तिने आईला बोलावून घेतलं. आई सवयीने स्टुलाकडे गेली, बसली. तिला मीच सांगितलं. उभं राहून, हात जोडून, सुरुवातीपासून. तिने मला मध्ये थांबवलं नाही. डोळे खिडकीकडे होते.

माझं झाल्यावर ती म्हणाली, "म्हणजे अक्षर तुमचं."

"हो."

"आणि श्वास तुमचा."

"हो."

"ती आलीच नव्हती."

तिने वही ओढून घेतली, त्या पाच ओळींवर पंजा ठेवला, झाकल्यासारखा. "मग ते पाच दिवस ती कुठे होती हो, मावशी?" ती म्हणाली. "वर्षभर मला माहीत होतं ती कुठे होती. बाकीचं कशाचं काही माहीत नव्हतं, पण ते पाच दिवस ती या टेबलाशी होती. आता ती कुठे होती?"

भिंतीवरचं घड्याळ साडेचारवर आलं. दाराकडे कुणीही बघितलं नाही. चौघांचेही कान मात्र तिकडे होते, हे मला कळत होतं.

"तुम्ही नाव कुणाचं घेत होतात?" तिने विचारलं.

"देवाचं. मध्ये मध्ये तिचं."

"मोठ्याने?"

"पुटपुटत."

"आणि ते त्या पाण्यात गेलं?"

धाकटी पुढे आली, आईच्या गुडघ्यांशी बसली. "श्वास गेला, आई. नाव नाही जात. पण श्वास गेला. मोजता आला मला."

आई तिच्याकडे बघत राहिली. बहुतेक वर्षभरात तिने या मुलीकडे इतका वेळ बघितलं नव्हतं. मग तिने विचारलं, "हे नाही लिहिलं तर तुझं जाणार?"

"नुसतं माझं नाही. ताई खोटी ठरेल. सरांनाही तसंच वाटलं होतं."

सर खिडकीशी जाऊन उभे राहिले. आईने त्यांच्या पाठीकडे एकदा पाहिलं आणि हात पुढे केला. धाकटीने पेन दिलं. शिवणकाम करणारी बाई ती, सुईसारखंच धरलं तिने पेन. घोषणापत्र तिने सगळं वाचलं, ओठ हलवत, नऊ ओळींचा मजकूर दोनदा. मग खाली सही केली, सावकाश, पूर्ण नाव. सहीच्या शेजारी तारखेची जागा होती. तिथे पेन टेकवून ती थांबली.

"कुठली घालू?"

"आजची, आई."

"आज काय आहे?"

धाकटीने तारीख सांगितली. आईने ती लिहिली आणि शाई वाळेपर्यंत कागदावर फुंकर घालत राहिली.